जोडाघरातले अकरा दिवस

मराठीच्या बाई म्हटलं की स्नेहसंमेलनातली ऐतिहासिक नाटिका त्यांच्या गळ्यात, हा मुलुंडच्या आमच्या शाळेतला अलिखित नियम होता. मी तो एकतीस वर्षं पाळला. माझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात दोन जिरेटोप, चार उपरणी, चिपळ्यांचा एक जोड, कापसाच्या पांढऱ्या आणि लोकरीच्या काळ्या दाढ्या आणि दाढी चिकटवायच्या डिंकाची बाटली असायची. महाराज, संत, क्रांतिकारक, समाजसुधारक सगळे त्या ट्रंकेतून निघायचे आणि संध्याकाळी परत ट्रंकेत जायचे. आमच्यात थोर माणसाला वंदन करायचं म्हणजे त्याला कुणाच्या तरी अंगावर चढवायचं. नाटिका संपल्यावर मुलांच्या आज्या विंगेत येऊन आठवीतल्या संतांच्या पाया पडायच्या. आठवीतले संत तेव्हा वडापाव खात असायचे, तरी पडायच्या. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

गुरू नानकांच्या जन्माला साडेपाचशे वर्षं झाली ते वर्ष माझं नोकरीतलं शेवटचं होतं. मुख्याध्यापिकांनी सुचवलं की यंदा नेहमीचे विषय नकोत, नानकांवर करा. वसाहतीत शीख कुटुंबं आहेत, गुरुद्वारा आहे, चार लोक येतील, पेपरात दोन ओळी छापून येतील. मला नानकांबद्दल माहिती होती ती पाठ्यपुस्तकातल्या अर्ध्या पानाइतकी. आणि खरं सांगायचं तर शिक्षक-खोलीत बारा वाजल्याचे विनोद व्हायचे तेव्हा हसणाऱ्यांत मीही असायचे. पण शेवटचं वर्ष होतं, जाता जाता सगळ्यांच्या लक्षात राहील असं काहीतरी करावं, असं मनात होतं. त्या इच्छेला मी तेव्हा कलेची तळमळ म्हणत होते.

सातवीत एक शीख मुलगी होती. तिला विचारलं, तर म्हणाली, दारजींना भेटा, त्यांना सगळं येतं. दारजी म्हणजे तिचे आजोबा. एलबीएस रोडवर त्यांचं ट्रक-टेम्पोंची सीट कव्हरं शिवायचं दुकान होतं. फाळणीनंतर त्यांचे आईवडील इथल्या निर्वासितांच्या छावणीत आले आणि दारजींचा जन्म छावणीतच झाला. मी पहिल्या दिवशी माझ्या भयानक हिंदीत सुरुवात केली, तसे ते म्हणाले, “बाई, मराठीत बोला ना. मी मुलुंडचाच आहे, तुमच्यापेक्षा जुना.” सत्तरीचा माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा, मांडीवर रेक्झिनचा तुकडा. मशीन चालू ठेवून ते बोलायचे आणि मशीनचा आवाज वाढला की मी वही बंद करून थांबायचे.

ऑगस्टपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्या दुकानात जायला लागले. त्यांनी मला वडिलांनी धंद्यासाठी दिलेल्या पैशातून भुकेल्यांना जेवू घालणाऱ्या तरुण नानकांची गोष्ट सांगितली. नदीत शिरून तीन दिवस नाहीसे झालेल्या आणि बाहेर आल्यावर कुणी हिंदू नाही की मुसलमान नाही असं म्हणू लागलेल्या नानकांची सांगितली. रबाब हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या एका मुसलमान साथीदाराला बरोबर घेऊन वर्षानुवर्षं पायी हिंडल्याची सांगितली. हरिद्वारला लोक सूर्याकडे पाणी उडवत होते, तर नानक उलट्या बाजूला तोंड करून आपल्या गावच्या शेताकडे पाणी उडवायला लागले, ती गोष्ट सांगताना ते स्वतःच इतके हसले की मशीन थांबवावं लागलं. तुमचं पाणी सूर्यापर्यंत पोचतं तर माझं शेतापर्यंत का पोचणार नाही, एवढंच नानकांचं म्हणणं.

मला नाटिकेसाठी सगळ्यात आवडला तो भाकरीचा प्रसंग. नानक एका गरीब सुताराच्या घरी उतरतात आणि गावच्या श्रीमंताच्या मेजवानीला जात नाहीत. श्रीमंत चिडतो. तेव्हा नानक एका मुठीत सुताराची भाकरी आणि दुसऱ्या मुठीत श्रीमंताची पुरी घेऊन पिळतात. भाकरीतून दूध येतं, पुरीतून रक्त. मी तिथल्या तिथे ठरवलं की पुरीत स्पंज लपवायचा, स्पंज कुंकवाच्या पाण्यात भिजवायचा आणि वरून लाल दिवा टाकायचा. दारजींना सांगितलं, तर ते म्हणाले, “पिळण्यात काय आहे बाई? त्याच्या घरात उभं राहून त्याच्या तोंडावर खरं बोलले, ते बघा की.” मी हो म्हटलं आणि वहीत स्पंज लिहून ठेवला.

त्यांच्या मते खरी मोठी गोष्ट शेवटची होती. एवढं जग हिंडून आल्यावर नानक एका गावात राहिले, शेती केली, स्वतःच्या हाताने नांगर धरला, पिकवलेलं सगळ्यांना एका ओळीत बसवून वाटून खाल्लं. कष्ट करा, देवाचं नाव घ्या, वाटून खा. दारजींचं म्हणणं, एवढी तीन कामं जमली तर माणसाला चौथं काही करायची गरज नाही. शेतीत काही नाट्य नाही म्हणून मी तो भाग अडीच वाक्यांत उरकला.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ते आपण होऊन बोलले. मशीन बंद केलं आणि मुद्दाम चष्मा काढला. म्हणाले, बाई, एक सांगून ठेवतो, गुरूंचं काम कुणाला करायला देऊ नका. आमच्यात गुरूंचं सोंग कुणी घेत नाही. स्टेजवर एक दिवा लावा, आवाज पडद्यामागून येऊ द्या, बाकीच्यांची कामं मुलं करतील. मी म्हटलं, तुमच्या दुकानात फोटो आहे की नानकांचा, मग नटाचं काय वाईट? त्यावर ते म्हणाले, “फोटो काही बोलत नाही बाई. माणूस उद्या कुणाला शिवी देईल. मग ती कुणाच्या तोंडून निघाली?”

मी वहीत लिहिलं: नट नको. फक्त प्रकाशझोत. हे दोन शब्द आणि पुढचे दोन शब्द माझ्या अक्षरात आहेत, खाली रेघ मारलेली आहे. विसरले, कळलं नाही, कानावर आलं नाही, असं म्हणायला मी स्वतःसाठी जागा ठेवलेली नाही.

तरी मी नट घेतला. का घेतला ते मी स्वतःला बरेच दिवस नाना प्रकारांनी समजावलं. मुलांच्या नाटिकेत नायकच नाही म्हणजे लग्नात नवरदेव नाही. झोतावर टाळ्या पडत नाहीत. आणि आपण कुठे टिंगल करतोय, भक्तीनेच करतोय ना. शिवाय दारजी जुन्या वळणाचे, समोर बघितलं की त्यांनाही भरून येईल, डोळे पुसतील, म्हणतील बाई, तुम्ही जिंकलात. हे शेवटचं तर मी रंगवून रंगवून बघितलं होतं. एका माणसाने मला त्याच्या घरातलं सगळ्यात जपलेलं काढून दाखवलं आणि एका गोष्टीला फक्त हात लावू नका म्हणाला. मी नेमका तिथेच हात घातला, आणि वर त्याने माझं कौतुक करावं अशी माझी अपेक्षा होती. हे आज लिहितानाही कान गरम होतात.

नोव्हेंबरपासून मी दुकानात जाणं कमी केलं. तालमी आहेत म्हणून सांगितलं. सातवीतल्या त्या मुलीला निवेदनाचं काम दिलं होतं. तालमीत ती एकदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, आमच्यात असं करत नाहीत.” मी तिला म्हटलं, मला माहीत आहे, दारजींशी बोलणं झालंय माझं. त्यात खोटं काही नव्हतं, बोलणं झालंच होतं. मुलगी परत निवेदन पाठ करायला लागली. बाईंवर विश्वास ठेवायचं वय होतं तिचं.

संमेलन डिसेंबरात झालं. दारजी पहिल्या रांगेत, आकाशी पगडी, इस्त्रीचा सदरा, शेजारी मुख्याध्यापिका. पडदा उघडण्याआधी मी माईकवर गेले आणि त्यांचे आभार मानले. या नाटिकेतला शब्द न् शब्द त्यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिला आहे, असं म्हणाले. माझ्या मते तो माझा मनाचा मोठेपणा होता. मग पडदा उघडला आणि पांढरी दाढी लावलेला नववीतला मुलगा रंगमंचावर आला. मी विंगेतून दारजींकडेच बघत होते. त्यांनी आधी चप्पल काढली. मग हात जोडले, मान खाली घातली आणि पाऊण तास वर बघितलंच नाही. पुरीतून लाल पाणी निघालं तेव्हा सभागृह टाळ्यांनी दणाणलं, तेव्हाही नाही. संपल्यावर मी खाली गेले, तर ते नातीला घेऊन निघाले होते. मला म्हणाले, मुलांनी मेहनत छान केली.

एवढ्यावर मिटलं असतं तर माझी चूक माझ्यापुरती राहिली असती. पण नाटिका झाल्यावर मुलं मागे दंगा करत होती आणि त्या नववीतल्या मुलाने अंगात झगा तसाच ठेवून, दाढी कपाळावर चढवून, कुठल्यातरी गाण्यावर नाच केला. त्याचा काही दोष नाही. चौदा वर्षांचा मुलगा, पाठांतर संपलेलं, त्याने दुसरं काय करायचं. कुणीतरी मोबाइलवर ते घेतलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते मुलुंडभर फिरून गुरुद्वाऱ्याच्या कमिटीपर्यंत पोचलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत चार माणसं शाळेत आली. मुख्याध्यापिका घाबरल्या होत्या, शिपायाला गेटपाशी उभं केलं होतं. त्याची काही गरज नव्हती. माणसं शांत होती, पाणी प्यायली, मुलाचं नावसुद्धा विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता की हे कुणी बसवलं आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का. दारजींना दुकानातून बोलावून घेतलं होतं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते, सदऱ्याला दोरे चिकटलेले. मुख्याध्यापिका माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाल्या, तुम्हाला माहीत असून तुम्ही हे केलं असेल तर मला वरपर्यंत कळवावं लागेल. माझ्या निवृत्तीला चार महिने होते. निरोप समारंभ होता, पेन्शनचे कागद होते. माझ्या हातात चहाचा कप होता.

“मला कुणी सांगितलंच नाही,” मी म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण समोरच्या चौघांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या, आणि मी त्या वळू दिल्या.

चौघांतले जे वडीलधारे होते त्यांनी दारजींना पंजाबीत काही विचारलं. भाषा कळली नाही तरी प्रश्न कळला. बाई तर माईकवर म्हणाल्या की शब्द न् शब्द तुमच्या देखरेखीखाली, मग एवढी एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत? दारजींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वहीत काही लिहायचं राहिलं की ते दुकानात माझ्याकडे बघून थांबायचे, तसे थांबले. चांगला वेळ दिला मला. मी कपातल्या चहाकडे बघत राहिले. मग ते हिंदीत, आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून, म्हणाले, “हां जी. मुझसे बताना रह गया. गलती मेरी है.”

चौघे उठले, मुख्याध्यापिकांना हात जोडले आणि म्हणाले, बाईंचा काही दोष नाही, त्यांना कसं माहीत असणार. मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं मला अजून आठवतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. दारजी दारातून बाहेर पडत होते आणि मी मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करत होते.

त्यांच्यात चूक झाली की माणूस संगतीपुढे, म्हणजे गुरुद्वाऱ्यात जमलेल्या भाविकांपुढे उभा राहतो, चूक कबूल करतो आणि संगत त्याला सेवा लावते. दारजींना अकरा दिवस जोडाघरात बसायची सेवा लागली. गुरुद्वाऱ्यात येणारे जिथे चपला-बूट काढून देतात ती जागा म्हणजे जोडाघर. आलेले जोडे घ्यायचे, पुसायचे, फळीवर लावायचे, जाताना परत द्यायचे. एरवी ही सेवा लोक हौसेने करतात, मोठमोठे दुकानदार करतात, त्यात कमीपणा कुणी मानत नाही. पण दारजी का बसलेत ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या नातीने मला हे वर्गात, प्रगतिपुस्तक दाखवायला आली तेव्हा, सहज सांगितलं. मग तिने विचारलं, “बाई, तुमचं बोलणं झालं होतं ना दारजींशी?” मी तिला जागेवर बसायला सांगितलं.

नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी गेले. डोक्यावर ओढणी घेतली आणि रस्त्याने वाक्य पाठ करत गेले. जोडाघराच्या खिडकीत दारजी बसले होते, मांडीवर फडका, समोर कुणाचे तरी धुळीने भरलेले बूट. मला बघून त्यांनी हात पुढे केले. मी गोंधळून चपला पिशवीत घालायला लागले. ते म्हणाले, द्या बाई, लाइन थांबलीय मागे. मी दिल्या. नाहूरहून चालत आले होते, टाचांशी मळ होता. त्यांनी दोन्ही हातांनी घेतल्या, पुसल्या, अंगठ्यापाशी जरा जास्तच पुसल्या, फळीवर ठेवल्या आणि मला पत्र्याचा बिल्ला दिला.

मी म्हणाले, “दारजी, तुम्ही मला सांगितलं होतं. मी खोटं बोलले.”

त्यांनी मागच्या माणसाचे बूट घेतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला काय सांगता बाई? मला तर माहीत आहे. ज्यांना माहीत नाही ते आत बसलेत.”

मी आत गेले. माथा टेकला. मग लोकांबरोबर खाली लंगरच्या पंगतीत बसले, सगळे एका ओळीत, माझ्या एका बाजूला रिक्षावाला, दुसऱ्या बाजूला दागिने घातलेली एक म्हातारी. डाळीची बादली घेऊन जे वाढायला आले ते शाळेत आलेल्या चौघांतले वडीलधारे होते. त्यांनी मला ओळखलं, हसले, थांबले. “टीचरजी, अच्छा किया आप आयीं,” असं म्हणाले. मी तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य होतं, ऐकणारा समोर होता, त्याच्या मागे भरलेला हॉल होता. मी म्हणाले, थोडी डाळ द्या. त्यांनी दोन पळ्या वाढल्या.

माझा निरोप समारंभ मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाला, शाल मिळाली, नाटिकेचा उल्लेखही झाला. पंधरा दिवसांत टाळेबंदी लागली आणि गुरुद्वाऱ्यात जायचं कारणच उरलं नाही म्हणून मला हायसं वाटलं. त्या काळात रोज शेकडो पाकिटं जेवण तिथून वाटलं जात होतं. आमच्या इमारतीच्या रखवालदाराला रोज मिळायचं. दारजी पोळ्या लाटायला जातात असं तो सांगायचा. टाळेबंदी उठली, वर्षं गेली. दुकान आता त्यांचा मुलगा बघतो. दारजी संध्याकाळी दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात. मी त्या बाजूने जाते तेव्हा ते मला चहा विचारतात. मी चहा पिते. कमिटीतले ते वडीलधारे मला भाजी बाजारात भेटतात, टीचरजी म्हणतात, तब्येत विचारतात. त्यांच्या लेखी दारजी अजूनही तेच आहेत, ज्यांनी सांगायला हवं ते सांगितलं नाही. दर वेळी मी ठरवते आणि दर वेळी माझ्या तोंडून भाजीचा भाव निघतो.

आता हे लिहिलं आहे. लिहिताना वाटत होतं की संपलं की छातीवरचं ओझं उतरेल. पण काल पहिल्यापासून सगळं वाचून काढलं. मराठीत लिहिलंय, म्हणजे गुरुद्वाऱ्यातले फारच थोडे वाचतील. आणि शाळेचं, कमिटीवाल्यांचं, दारजींचं, माझं, कुणाचंही नाव मी यात घातलेलं नाही.